मावळच्या दक्षिण क्षितिजावरील तप्त तारे

१/ मार्चच्या पहिल्या आठवड्यात रात्री दहाच्या सुमारास लोणावळ्याच्या एखाद्या मोकळ्या पठारावरून दक्षिणेकडे पाहावे. उजवीकडे, क्षितिजाजवळ, अगस्त्य झळकत असतो. त्याच्या डावीकडे आणि वर दोन निळसर-पांढरे तारे दिसतात. सुमारे ३१ अंश उंचीवर झीटा पपिस आणि त्याखाली, २४ अंशांवर, गॅमा वेलोरम.

२/ सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५,८०० केल्विन आहे. झीटा पपिसचे ४०,००० च्या आसपास. गॅमा वेलोरम हे जोडतारे असून त्यांतील अधिक तप्त ताऱ्याचे तापमान ५७,००० केल्विनच्या घरात जाते. नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या अत्यंत तप्त ताऱ्यांत या दोघांची गणना होते. लंडनहून मात्र ते कधीच क्षितिजावर येत नाहीत.

३/ ताऱ्याला तापमापक लावता येत नाही. त्याचा प्रकाश लोलकातून पसरवून, वर्णपटातील रेषा वाचूनच उष्णतेचा अंदाज बांधावा लागतो. १८६७ मध्ये पॅरिस वेधशाळेत शार्ल वुल्फ आणि जॉर्ज राये यांना हंस तारकासमूहात तीन विलक्षण तारे आढळले. इतर ताऱ्यांच्या वर्णपटात काळ्या रेषा असतात. या तिघांच्या वर्णपटात रुंद, तेजस्वी पट्टे होते. अशा ताऱ्यांना पुढे वुल्फ-राये तारे म्हणू लागले.

४/ पुढच्याच वर्षी, १८ ऑगस्ट १८६८ रोजी, भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसले. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल आणि गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ झान्सेन यांनी सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. त्यातील एक पिवळी रेषा पृथ्वीवरील कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना. त्या अज्ञात द्रव्याला हेलियम हे नाव मिळाले.

५/ डिसेंबर १८७१ च्या ग्रहणासाठी इटालियन खगोलज्ञ लोरेन्झो रेस्पिघी दक्षिण भारतात आले. त्याच मुक्कामात मद्रासहून त्यांनी गॅमा वेलोरमचा वर्णपट पाहिला. त्यात तेच तेजस्वी पट्टे होते! आकाशातील सर्वांत तेजस्वी वुल्फ-राये तारा असा भारतातून ओळखला गेला.

६/ ही वर्णपटविद्या पुण्यात रुजवली कावसजी दादाभाई नायगमवाला (१८५७–१९३८) यांनी. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून आणि मुंबई सरकारच्या साहाय्यातून पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये (आजचे सीओईपी) १८८८ मध्ये वेधशाळा उभी राहिली. तिथली ग्रब कंपनीची २० इंची दुर्बीण त्या काळी भारतातील सर्वांत मोठी होती.

७/ इंग्लंडचे नामवंत शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांचा सल्ला नायगमवालांनी वेधशाळेसाठी घेतला होता. लॉकियर यांचे मत असे, की तेजोमेघ म्हणजे उल्कांचे थवे असून त्यांच्या वर्णपटातील मुख्य हिरवी रेषा मॅग्नेशियमच्या पट्ट्याचा अवशेष आहे. तसे असते, तर ती रेषा एका बाजूला पुसट व्हायला हवी होती. १८९१ मध्ये नायगमवालांनी पुण्याहून मृग नक्षत्रातील तेजोमेघ तपासला. रेषा दोन्ही बाजूंनी रेखीव निघाली. ज्यांचा सल्ला घेतला, त्यांच्याच सिद्धान्ताविरुद्ध जाणारे हे निरीक्षण त्यांनी लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले.

८/ २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाचा पट्टा महाराष्ट्रावरून गेला. लॉकियर यांनी विजयदुर्ग किल्ल्यावर तळ दिला. सोलापूर जिल्ह्यातील जेऊरला पुण्याहून नायगमवाला आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेतून विल्यम कॅम्पबेल आले. वुल्फ-राये ताऱ्यांच्या अभ्यासात कॅम्पबेल हे तेव्हाचे मोठे नाव. जेऊर मुंबई–सोलापूर लोहमार्गावर आहे. १८६३ मध्ये बोरघाट चढून मावळात आलेला, लोणावळ्यावरून जाणारा तोच हा मार्ग.

९/ पुढच्या वर्षी, १८९९ मध्ये, लॉकियर यांनी ताऱ्यांची तापमानानुसार उतरंड मांडली. सर्वांत वरच्या, सर्वांत तप्त पायरीला त्यांनी ‘आर्गोनियन’ म्हटले. जुन्या आर्गो म्हणजे नौका तारकासमूहावरून हे नाव आले, आणि त्या पायरीचे नमुने होते झीटा पपिस व गॅमा वेलोरम. ज्या ताऱ्यांना त्यांनी शिखरावर बसवले, ते त्यांच्या लंडनच्या आकाशात उगवतही नव्हते.

१०/ झीटा पपिसच्या वर्णपटात एक कोडे होते. हार्वर्डच्या पिकरिंग यांना १८९६ मध्ये त्यात अनोळखी रेषांची एक मालिका आढळली होती आणि त्यांनी ती हायड्रोजनची मानली. १९१२ मध्ये आल्फ्रेड फाउलर यांनी अशा रेषा प्रयोगशाळेत मिळवल्या. त्यासाठी हायड्रोजनबरोबर हेलियमही लागले. १९१३ मध्ये नील्स बोर यांनी उलगडा केला, की या रेषा एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या हेलियमच्या आहेत.

११/ १९२० मध्ये मेघनाद साहा यांनी तापमान आणि अणूंचे आयनीभवन यांचे समीकरण मांडले. कोणत्या रेषा दिसतात, यावरून ताऱ्याची उष्णता आता आकड्यात सांगता येऊ लागली.

१२/ पुण्यात रेखीव दिसलेल्या हिरव्या रेषेचे उत्तर १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी दिले. ती दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची रेषा होती. मृगाच्या तेजोमेघातील तप्त तरुण ताऱ्यांचे अतिनील किरण ऑक्सिजनचे इलेक्ट्रॉन उडवतात, म्हणून ती उजळते. नायगमवाला ज्या प्रकाशाचे मोजमाप करीत होते, तोही मुळात तप्त ताऱ्यांचाच प्रताप होता.

१३/ आज ज्ञात असलेल्या सर्वांत तप्त ताऱ्यांत धनू राशीतील डब्ल्यूआर १०२ येतो. हा वुल्फ-राये तारा सुमारे २,००,००० केल्विनचा आहे. त्याचे बाह्य आवरण प्रचंड ताऱ्यीय वाऱ्याने उडून गेले आहे आणि आतला तप्त गाभा उघडा पडला आहे. श्वेतबटू होण्याच्या वाटेवरील काही विझते तारे याहूनही तप्त आहेत, आरएक्स जे०४३९.८-६८०९ हा सुमारे २,५०,००० केल्विनपर्यंत पोहोचतो.

१४/ एक दुरुस्ती आवश्यक आहे. हेलियमचा शोध १८६८ मध्ये लॉकियर यांनी विजयदुर्गावर लावला, असे आजही सांगितले जाते. त्या वर्षी लॉकियर इंग्लंडमध्ये होते. ग्रहणानंतर दोन महिन्यांनी त्यांनी ती पिवळी रेषा तिथूनच पाहिली. विजयदुर्गावर ते आले, ते तीस वर्षांनी. १८९८ चा विजयदुर्ग आणि जेऊर यांचा खरा इतिहास पुरेसा मोठा आहे; त्याला उसन्या श्रेयाची गरज नाही.

१५/ नायगमवाला १९१२ मध्ये निवृत्त झाले, पुण्याची वेधशाळा बंद झाली आणि ती दुर्बीण कोडाईकनालला गेली. दंतकथेतील शोधासाठी विजयदुर्गाचे नाव सर्वतोमुखी झाले. खऱ्या निरीक्षणासाठी नायगमवालांचे नाव मात्र पुण्यातही फारसे कोणी घेत नाही. मार्चमध्ये मावळच्या दक्षिण क्षितिजावर ते दोन तारे पाहताना हेही नाव आठवावे.