ई-पुस्तकाची किंमत कोणी ठरवायची?

आज आपण ई-पुस्तकाच्या किमतीवरून अमेरिकेत झालेलं भांडण पाहू. २००७ साली अ‍ॅमेझॉनने किंडल आणलं आणि गाजणारी नवी पुस्तकं ९.९९ डॉलरला विकायला सुरुवात केली. प्रकाशकाला घाऊक दर पूर्ण मिळे, बरेचदा याहून जास्तच. तोटा अ‍ॅमेझॉन सोसे. मग प्रकाशक अस्वस्थ का? कारण वाचकाला या दराची सवय लागली, की छापील पुस्तक महाग वाटणार. काहींनी ई-आवृत्ती काही महिने मागे ठेवून पाहिली. २०१० मध्ये पाच मोठ्या प्रकाशकांनी अ‍ॅपलशी करार केले : किंमत प्रकाशकाची, विक्रीतले ३० टक्के दुकानदाराचे.

आता गंमत बघा. १२.९९ डॉलरच्या पुस्तकामागे प्रकाशकाच्या हाती उरले जेमतेम नऊ, म्हणजे पूर्वीपेक्षा बहुधा कमीच! तरी त्यांनी ते पत्करलं. पैसा सोडला, अधिकार घेतला.

२०१२ मध्ये सरकार कोर्टात गेलं. २०१३ मध्ये न्यायालयाने हे संगनमत ठरवलं. प्रकाशकाने किंमत ठरवणं हा गुन्हा नव्हता. सगळ्यांनी मिळून ती चढवणं हा होता. पुढे अ‍ॅपलने ग्राहकांसाठी ४० कोटी डॉलर मोजले. वाचकाची आठवण झाली ती अशी, सर्वांत शेवटी.