उरलं की पुरलं?

बोर्डी-घोलवडला चिकूच्या वाडीत शनिवारी रात्री बार्बेक्यू झाला की रविवारी सकाळी एक प्रश्न हमखास उभा राहतो. डबाभर उरलेल्या चिकनचं करायचं काय? निखाऱ्यावर भाजलेलं मांस दुसऱ्या दिवशी कोरडं पडतं, नुसतं गरम केलं तर चामडं होतं. मग कुणीतरी ते हाडावरून सोडवतं, कांदा-टोमॅटोत परततं, पोळीत गुंडाळतं आणि नाश्ता तयार. आपली फोडणीची पोळीच, फक्त मांसाहारी :)

यात नवीन काही नाही. इंग्रजांच्या बंगल्यात रविवारी भाजलेलं मांस सोमवारी थंडगार उरायचं. खानसामा त्याचे तुकडे कांदा-मिरचीत परतायचा. आज हॉटेलात आपण जी ‘जालफ्रेझी’ मागवतो ती इथूनच आली.

पण या घराण्यातला सगळ्यात नावाजलेला पदार्थ म्हणजे बटर चिकन. चारोटी नाक्यावरून तलासरीकडे निघालात तर हायवेवरच्या ढाब्यांत तो भेटणारच. ही डिश दिल्लीच्या दर्यागंजमधल्या ‘मोती महल’ने प्रसिद्ध केली. फाळणीनंतर पेशावरहून आलेल्या मंडळींनी 1947 मध्ये हे हॉटेल काढलं. आता गंमत बघा. बटर चिकन नक्की कुणाचं, यावरून 2024 मध्ये प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. एका बाजूला कुंदनलाल गुजराल यांचं कुटुंब, दुसऱ्या बाजूला ‘दर्यागंज’ नावाची हॉटेलं चालवणारे कुंदनलाल जग्गी यांचे वारस. दोघे एकेकाळचे भागीदार!

मला भांडणापेक्षा दोन्ही बाजूंच्या गोष्टी जास्त आवडल्या. गुजरालांच्या गोष्टीत न खपलेलं तंदुरी चिकन सुकून वाया जाईल अशी चिंता असते, म्हणून टोमॅटो, लोणी आणि सायीची ग्रेव्ही येते. जग्गींच्या गोष्टीत रात्री उशिरा गिऱ्हाइकं येतात, चिकनचे तुकडे मोजकेच असतात, म्हणून सगळ्यांना पुरावं यासाठी ग्रेव्ही येते. डिश तीच, कारणं मात्र उलटी. एकात चिकन उरलंय, दुसऱ्यात पुरत नाहीये.

आता याच सुमारास आपल्या तलासरीत काय चाललं होतं? 23 मे 1945 रोजी झरी गावात वारल्यांची परिषद भरली. किसान सभेचं काम करणाऱ्या गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्ध लढा उभा राहिला. मागणी काय, तर 500 पौंड गवत कापायला अडीच रुपये. त्याच वर्षी 10 ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच माणसं गेली, त्यांत जेठ्या गांगड होता. अडीच रुपयांसाठी जिथे गोळ्या खाव्या लागतात, तिथे मांस उरणार कुठून?

म्हणजे ‘उरलेल्याचं काय करायचं’ हा प्रश्न पडायला आधी पोट भरलेलं असावं लागतं. बाकीच्यांना पडतो तो प्रश्न वेगळा: आहे ते पुरवायचं कसं? डहाणूच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घालतात ते उरलेत म्हणून नव्हे. पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेव्हासाठी ते मुद्दाम उरवलेले असतात. आणि भाजलेल्या मांसाचं म्हणाल तर आपल्याच पालघर जिल्ह्यात, वसई तालुक्यातल्या आगाशीची भुजिंग आहेच. मसाला लावलेलं चिकन कोळशावर भाजायचं आणि पोहे-बटाट्यांत मिसळायचं. भाजल्याचा वास प्रत्येक पोह्याला लागतो आणि थोड्या चिकनमध्ये अख्खी पंगत उठते. लोणी नको, साय नको.

तर सांगायचा मुद्दा हा की, खाद्यपदार्थांचा इतिहास आपण बहुतेक वेळा हॉटेलवाल्यांकडून ऐकतो, कारण त्यांच्याकडे मेनूकार्ड असतं, पाटी असते, वेळ आली तर वकीलही असतो. ज्या बाईने मूठभर सुकटीत घरभर माणसं जेवू घातली तिचं नाव कुठल्याच दाव्यात येणार नाही. खरं तर अवघड काम तिचं होतं. भरपूर लोणी घातल्यावर कोरडं चिकन कुणीही मऊ करेल हो!

असो. पुढच्या वेळी बोर्डीला जाताना सामानात अर्धा किलो जाडे पोहे टाका. रात्रीच उरलेलं चिकन सोडवून फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी चांगलं चटका बसेपर्यंत गरम करा, कांदा-बटाट्यासोबत पोह्यांत मिसळा. आणि वाडीवर राबणाऱ्या माणसांनाही पंगतीला बोलवा. पोहे आहेत, पुरेल सगळ्यांना.