मेइपिंगचा खांदा

मी चाकावर बसते, तेव्हा चिनी मेइपिंग फुलदाणीचा खांदा मला सर्वांत अवघड वाटतो. इवलंसं तोंड, लगेच भरदार खांदा आणि पायाकडे निमुळतं होत जाणारं अंग. प्लमच्या बहराची एखादी फांदी मावेल एवढंच तोंड, म्हणून हे नाव. पण सोंग काळात (960–1279) यात मद्य भरत.

या आकारावर चढणारी, झेजियांग प्रांतातल्या लोंगछ्वानच्या कुंभारांची हिरवी झिलई म्हणजे थोड्याशा लोहाची करामत. भट्टीत हवा कोंडली की लोह हिरवं होतं. मोकळी सोडली तर पिवळट-तपकिरी. दक्षिण सोंग काळात झिलईचे थरांवर थर चढवत, म्हणून तिला जेडची खोली आली. अशा अंगाला नक्षी नकोच.

संग्रहालयात गेलात तर अशा मेइपिंगच्या तोंडाची कड जरूर पाहा. झिलई तिथे पातळ होते आणि खालची फिकट माती दिसते.