वन्यप्राण्यांचे स्थानांतर आणि रोगांचा धोका

एखादी दुर्मिळ प्रजाती एकाच अरण्यात उरली असेल, तर एक साथही तिच्या मुळावर येऊ शकते. गुजरातमधील गीर येथे २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये याचा प्रत्यय आला. दलखानिया परिक्षेत्रातील २३ सिंह मृत्युमुखी पडले. त्यांपैकी काहींमध्ये प्रामुख्याने कुत्र्यांत आढळणाऱ्या कॅनाइन डिस्टेंपर रोगाचे विषाणू सापडले. त्यापूर्वीच, २०१३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने काही सिंह मध्य प्रदेशातील कुनो अभयारण्यात हलविण्याचा आदेश दिला होता. ते सिंह तेथे गेलेच नाहीत.

स्थानांतर हा साथीवरील उपाय खरा. परंतु रोगाला नवी वाट त्यातूनच मिळू शकते. प्राण्याबरोबर त्याच्या अंगावरील व शरीरातील जीवजंतूही प्रवास करतात. स्पेनच्या मायोर्का बेटावर बंदिवासात वाढविलेले दुर्मिळ भेक निसर्गात सोडण्यात आले, तेव्हा त्यांच्यासोबत कायट्रिड ही उभयचरांना घातक बुरशीही तेथे पोहोचली. हे उघडकीस येण्यास अनेक वर्षे लागली.

कुनोत अखेर चित्ते आले. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून ८ आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून १२. त्यांना विलगीकरणात ठेवण्यात आले, तसेच आसपासच्या गावांतील कुत्र्यांचे लसीकरणही झाले. तरीही मार्च २०२३ मध्ये 'साशा' ही मादी मूत्रपिंडाच्या विकाराने दगावली. हा आजार संसर्गजन्य नव्हता. पण नामिबियात ऑगस्ट २०२२ मध्ये घेतलेल्या रक्तनमुन्यातच त्याची चिन्हे होती, हे मृत्यूनंतर जाहीर झाले. प्रवासापूर्वीची तपासणी किती काटेकोर असावी, हा प्रश्न त्यामुळे उभा राहिला.

पुढील संकटाचा अंदाज मात्र कोणालाच नव्हता. जून ते सप्टेंबर हा दक्षिण गोलार्धातील हिवाळा. त्या सवयीने काही चित्त्यांच्या अंगावर भारतातील ऐन पावसाळ्यात दाट केस आले. ओलाव्याने, विशेषतः गळ्यातील रेडिओ पट्ट्याखाली, त्वचेला जखमा झाल्या. माश्यांनी तेथे अंडी घातली, अळ्या पडल्या आणि जंतुसंसर्ग रक्तात भिनला. जुलै व ऑगस्ट २०२३ मध्ये तीन चित्ते यामुळे दगावले. हा रोग त्यांनी आफ्रिकेतून आणला नव्हता. नव्या भूमीतील ऋतूने तो दिला.

उर्वरित चित्त्यांना पकडून तपासण्यात आले, पट्टे काढून उपचार करण्यात आले. २०२४ मध्ये पावसाळ्याच्या तोंडावर त्यांना परजीवीरोधक औषध देण्यात आले.