तीन मिनिटांच्या डावामागची पन्नास वर्षे

जुन्या जालन्यात, आमच्या वाड्याच्या ओसरीवर दुपारी बुद्धिबळाचा पट मांडला जाई. आत्या फार छान खेळे. पण पाहुणे आले की चहासाठी तिलाच उठावे लागे आणि डाव अर्धा राही. जून २०२५ मध्ये लंडनहून एका डावाची बातमी आली, तेव्हा मला आत्याचे ते अर्धे डाव आठवले.

जागतिक सांघिक स्पर्धेची उपांत्य फेरी होती. खेळ अतिजलद, म्हणजे ब्लिट्झ. पटाच्या एका बाजूला नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख; दुसऱ्या बाजूला चीनची हौ यिफान, चार वेळची जगज्जेती आणि त्या वेळी महिलांमध्ये क्रमवारीत पहिली. ब्लिट्झमध्ये प्रत्येकीला साऱ्या डावासाठी तीन मिनिटे आणि दर चालीमागे दोन सेकंदांची भर मिळते. विचाराला उसंतच नसते. त्या धांदलीत दिव्याने ७४ चालींत यिफानला हरवले.

या स्पर्धेत सहा पटांवर खेळणाऱ्या प्रत्येक संघात किमान एक स्त्री असावीच लागते. हा नियम वाचताना मला खाडिलकर भगिनींची आठवण झाली. १९७४ साली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, ती मुंबईच्या वासंती खाडिलकरांनी जिंकली. १९७६ मध्ये त्यांची धाकटी बहीण रोहिणी अवघ्या तेराव्या वर्षी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. केवढा गदारोळ उठला! प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर जागतिक महासंघाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्णय दिला, की स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही. १९७६ मध्ये ज्या खुर्चीसाठी भांडावे लागले, ती आता नियमानेच राखलेली असते.

लंडननंतर सुमारे दीड महिन्यातच, २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बाटुमी येथे दिव्याने विश्वचषकाच्या अंतिम लढतीत कोनेरू हम्पीला जलद डावांत नमवले. त्या विजयाबरोबर तिला ग्रँडमास्टर किताबही मिळाला.

आत्या आज हयात नाही. पण जालन्यात एखाद्या ओसरीवर कुणी मुलगी पट मांडून बसली असेल, तर तिला एवढेच सांगावेसे वाटते : बाई गं, पाहुणे आले तरी हातातला डाव पुरा कर.