चार तारांचा वारसा, सहा तारांचा हट्ट

इलेक्ट्रिक बास गिटारच्या चार तारा कुठून आल्या हे पाहायचे, तर आपल्याला माणसाच्या उंचीच्या डबल बासपर्यंत मागे जावे लागते. ते धूड गावोगाव वाहून नेणाऱ्या वादकांचे हाल सिअ‍ॅटलच्या पॉल टटमार्क यांनी पाहिले होते. १९३६च्या सुमारास त्यांनी आडवे धरून वाजवायचे, भरीव लाकडाचे, पडदे बसवलेले विजेवरचे बास वाद्य विक्रीला आणले. ‘ऑडिओव्हॉक्स ७३६’ हे त्याचे नाव. मोजकेच नग खपले आणि टटमार्कही विस्मरणात गेले. या इतिहासातला हा मोठा अन्याय म्हणावा लागेल. पुढे १९५१मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनला, एकेकाळी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या लिओ फेंडर यांनी ‘प्रिसिजन बास’ बाजारात आणला आणि वाद्यवृंदांचा तळच बदलला. वाद्य नवे होते, तार ३४ इंची होती. पण तारा चारच राहिल्या आणि त्यांचे स्वरही डबल बासचेच राहिले. फेंडर यांनीच १९६१मध्ये ‘बास सिक्स’ काढला. त्यात वरच्या बाजूला तारा वाढल्या, खर्ज मात्र तिथेच थांबला.

सत्तरच्या दशकात वादक कारखान्याकडून कारागिराकडे वळू लागले. कॅलिफोर्नियातल्या ‘अलेम्बिक’ने त्यांच्यासाठी हाती घडवलेली महागडी वाद्ये दिली आणि स्टॅन्ली क्लार्क यांच्या हातात बास पुढे येऊन बोलू लागला. न्यूयॉर्कचे बासवादक अँथनी जॅक्सन यांचा प्रश्न मात्र मुळालाच हात घालणारा होता. हे वाद्य गिटारच्या कुळातले. मग गिटारला सहा तारा आणि यालाच चार का? १९७५मध्ये वाद्य घडवणारे कारागीर कार्ल थॉम्प्सन यांनी त्यांना सहा तारांचे वाद्य घडवून दिले. नेहमीचा सर्वांत खालचा स्वर सुमारे ४१ हर्ट्झचा. नवी जाड तार ३१ हर्ट्झपर्यंत उतरत होती, आणि वर एक बारीक तार चढली होती. पण तारा इतक्या जवळजवळ होत्या की बोटे अडत. दुसरे कारागीर केन स्मिथ यांनी पुढच्या वाद्यात त्या मोकळ्या केल्या. मग १९८३मध्ये ब्रुकलिनला सुरू झालेल्या ‘फोडेरा’च्या कार्यशाळेत विनी फोडेरा यांच्यासोबत वर्षानुवर्षे एकेक बारकावा बदलत गेला. तारेची लांबी ३६ इंच झाली, त्यामुळे ती खालची तार सैल न पडता ताणून बोलू लागली.

या वाटचालीतला मला सर्वांत मोलाचा वाटतो तो जॅक्सन यांचा शेवटचा निर्णय. एका वाद्यातून शंभर आवाज निघावेत म्हणून इतरांनी बटणे वाढवली. जॅक्सन यांनी आपल्या आवडत्या फोडेरावर तारेची कंपने टिपणारा एकच पिकअप ठेवला आणि आवाजाची, स्वरपोताची सगळी बटणे काढून टाकली. मग आवाजाचा रंग ठरवायचा तो हातानेच. घोडीजवळ छेडले की आवाज कोरडा, टोकदार. मानेकडे सरकले की गोल, भरीव. कधी पिक, कधी बोटे, तर कधी तळहाताने तार दाबून अंगठ्याने काढलेला बुटका ठोका.