कळसूबाईपेक्षा जुना गंज

नगर जिल्ह्यात वाढलेल्या माणसासाठी दगड म्हणजे काळा दगड. भुईकोट किल्ल्याचा तट त्याचा, पाटा-वरवंटा त्याचा, आणि विहीर खणताना मुरूम संपल्यावर सुरुंगाचा खर्च वाढवणाराही तोच. अकोले तालुक्यातली १६४६ मीटर उंचीची कळसूबाई याच लाव्ह्याच्या थरांनी बनली आहे. इतकं सगळं एकाच दगडाचं असलं, की हा दगड जगाच्या आरंभापासूनचा असणार असं लहानपणी वाटायचं. प्रत्यक्षात तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांचा, म्हणजे अगदी कालचा. पृथ्वीच्या समुद्रात आणि हवेत ऑक्सिजन कसा आला, हे शोधणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही. त्यासाठी किमान अडीच अब्ज वर्षं मागे जावं लागतं. तेव्हाचा दगड ७६ वर्षांची आजी धरला, तर आपली कळसूबाई जेमतेम दोन वर्षांची नात.

तशा आज्या मराठी मुलखात आहेत, पण त्या दख्खनच्या लाव्ह्याच्या कडेला, दोन टोकांना: दक्षिणेला सिंधुदुर्गातलं रेडी आणि त्याला लागून गोवा, पूर्वेला चंद्रपूरचं लोहारा आणि गडचिरोलीचं सूरजागड. या चारही नावांची आपली ओळख एकच, लोखंडाच्या खाणी. तिथला मूळ दगड मात्र लोखंडाचा गोळा नसतो. तो पट्टेदार असतो: एक पट्टा लोखंडाच्या ऑक्साइडचा, तांबूस किंवा काळसर, पुढचा गारेचा, मग पुन्हा लोखंड. काही पट्टे बोटाएवढे जाड, काही कागदाइतके पातळ. हा समुद्राच्या तळाशी साचलेला गाळ आहे.

लोखंड समुद्रात विरघळतं कसं, हा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर कोकणातल्या पुष्कळ घरांत बादलीत दिसतं. बोअरचं पाणी उपसताना नितळ असतं, आणि रात्रभर ठेवलं की तळाशी तांबडा गाळ बसतो. जमिनीखाली ऑक्सिजन नसतो, म्हणून लोखंड फेरस रूपात निवांत विरघळून राहतं. हवा लागली की ते फेरिक होतं, म्हणजे गंजतं, आणि खाली बसतं. आदिम समुद्र ही अशीच न उघडलेली बोअर होती. समुद्रतळाच्या गरम झऱ्यांतून येणारं लोखंड तिच्यात युगानुयुगं साठत राहिलं. आजच्या समुद्रात ते शक्य नाही, म्हणून असे दगड आता जवळजवळ बनतच नाहीत.

अमेरिकी भूवैज्ञानिक प्रेस्टन क्लाउड यांनी १९६०-७०च्या दशकांत यातून एक मोठी गोष्ट मांडली. सूर्यप्रकाशावर जगणाऱ्या सूक्ष्म जीवांनी, ज्यांना आपण नील-हरित शैवाल म्हणतो, ऑक्सिजन सोडायला सुरुवात केली. तो आधी समुद्रातल्या लोखंडाने गिळला. लोखंड संपत आलं, तेव्हा तो हवेत साठू लागला. गोष्ट सुंदर आहे, आणि शाळेपासून व्हिडिओपर्यंत आजही बहुतेक ठिकाणी तीच सांगितली जाते. अडचण एवढीच, की गंज दिसला म्हणजे मोकळा ऑक्सिजन होताच असं नाही. १९९३मध्ये जर्मन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ फ्रीडरिश विडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे जीवाणू दाखवून दिले, जे प्रकाशाच्या जोरावर पाण्याऐवजी थेट फेरस लोखंड वापरतात. ऑक्सिजनचा एक रेणूही न सोडता ते गंज तयार करतात. म्हणजे नुसत्या लाल पट्ट्याला साक्षीदार म्हणून उभं करता येत नाही. त्याची उलटतपासणी घ्यावी लागते.

ती घेतात अत्यल्प प्रमाणात अडकलेली मूलद्रव्यं. माझं आवडतं सीरियम. लॅन्थॅनम आणि प्रासिओडायमियम या त्याच्या आवर्तसारणीतल्या शेजाऱ्यांसारखंच ते वागतं, फक्त ऑक्सिजन असताना ते वेगळं पडतं. ऑक्सिडाइज होऊन ते मँगनीजच्या कणांना चिकटतं आणि पाण्यातून गळतं. म्हणून आजच्या समुद्रात सीरियमच्या जागी खड्डा दिसतो. अडीच अब्ज वर्षांहून जुन्या बहुतेक पट्टेदार लोहखडकांत तो खड्डा नाही. ज्या पाण्यातून ते बनले, त्यात मोकळा ऑक्सिजन फारसा नव्हता, असा त्याचा अर्थ. त्याच दगडांत युरोपियम मात्र प्रमाणापेक्षा जास्त सापडतं. ती गरम झऱ्यांची सही, म्हणजे लोखंड आलं कुठून याचाही पत्ता लागतो.

हवेबद्दलचा सर्वांत भक्कम पुरावा गंधकाचा आहे. २०००मध्ये जेम्स फार्कर, हुइमिंग बाओ आणि मार्क थिमेन्स यांनी दाखवलं, की फार जुन्या दगडांतल्या गंधकाच्या समस्थानिकांचं प्रमाण नेहमीच्या नियमात बसत नाही. ओझोनचं छत्र नसताना अतिनील किरण थेट हवेतल्या गंधकाच्या वायूंवर पडले, तरच असा विस्कळीतपणा येतो आणि टिकतो. साधारण २.४ ते २.३ अब्ज वर्षांपूर्वी तो नाहीसा होतो. पण २००७मध्ये एरियल अनबर आणि सहकाऱ्यांना ऑस्ट्रेलियातल्या माउंट मॅक्रे इथल्या अडीच अब्ज वर्षांच्या काळ्या शेलमध्ये मॉलिब्डेनम अचानक वाढलेलं आढळलं. हे मूलद्रव्य जमिनीवरच्या सल्फाइड खनिजांत बंद असतं आणि ऑक्सिजनने ती झिजली की नद्यांमार्गे समुद्रात येतं. म्हणजे मोठ्या बदलाच्या आधीही ऑक्सिजनची एखादी झुळूक येऊन गेली होती. क्लाउड यांच्या गोष्टीतली सरळ चढती रेघ आता उरलेली नाही.

माउंट मॅक्रेचा तो दगड डोंगरावरून उचललेला नव्हता. मुद्दाम संशोधनासाठी खोल भोक पाडून त्याचा गाभा काढला होता. पृष्ठभागावरचा दगड आजच्याच हवेने गंजलेला असतो, मग जुना गंज कुठला आणि नवा कुठला? आमच्या धंद्यात लॉग फाइलवर नवा लॉग लिहिला गेला की जुनी चूक कायमची पुसली जाते, तसंच हे. इथे माझ्या मते आपल्या खाणींच्या इतिहासातली खरी गुंतागुंत सुरू होते.

चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीत, स्थानिक लोक छोट्या भट्ट्यांत लोखंड गाळत. १८८२मध्ये जर्मन तज्ज्ञ रिटर फॉन श्वार्ट्झ यांचा तिथल्या लोखंडाविषयीचा अहवाल आला आणि तो जमशेटजी टाटांनी वाचला. लोहाऱ्याचा खनिजाचा डोंगर आणि जवळच वरोऱ्याचा कोळसा, असा तो हिशेब होता. कोळसा कामाचा निघाला नाही. पुढे १९०४च्या सुमारास अमेरिकी भूवैज्ञानिक सी. एम. वेल्ड यांनी पुन्हा चांदा पालथा घातला. खनिज चांगलं होतं, पण कारखाना तोलेल इतका सलग साठा नव्हता. मग नागपूरच्या संग्रहालयात वेळ काढत असताना दोराबजी टाटांची नजर भिंतीवरच्या भूशास्त्रीय नकाशावर पडली आणि त्यातून दुर्गच्या डोंगरांचा माग लागला, असं सांगतात. त्याच वर्षी प्रमथनाथ बोस यांचं मयूरभंजच्या गोरुमहिसाणीबद्दलचं पत्र आलं आणि पोलाद अखेर जमशेदपूरला गेलं. विदर्भाचं पोलाद कसं हुकलं म्हणून ही हकीकत मला पूर्वी चुटपुट लावायची.

आता ती वेगळी दिसते. लोहारा, दुर्ग, गोरुमहिसाणी, हे सगळे त्याच पट्टेदार गाळाचे डोंगर. त्यांना पाहण्याची नजर मात्र एकच होती: लोखंड किती टक्के? मूळ पट्टेदार दगडात ते साधारण २५ ते ३५ टक्के असतं. भट्टीला हवं ६० टक्क्यांच्या आसपास. ही वाढ केली पावसाने. समुद्र आटून, डोंगर उभे राहून फार काळ लोटल्यावर पाणी झिरपत गेलं, गार धुऊन नेली आणि लोखंड मागे उरलं. गोव्याचं भुसभुशीत खनिज असंच तयार झालं. पण त्या पाण्याने सीरियमचा हिशेबही बिघडवला. जितकं खनिज श्रीमंत, तितकी त्याची स्मरणशक्ती कमी. आदिम समुद्र वाचायचा तर खाणवाला ज्याला टाकाऊ म्हणतो तो कठीण, गारेने भरलेला, न झिजलेला पट्टा लागतो.

गोव्यात तो पट्टा फार पाहिला गेला नाही. पोर्तुगीज काळात वाटलेल्या सवलतींतून जपानकडे खनिज जाऊ लागलं, मांडवी-जुवारीतून बार्जेस चालल्या, गावांच्या डोक्यावर टाकाऊ मालाचे डोंगर उभे राहिले. २०१२मध्ये खाणी बंद झाल्या आणि फेब्रुवारी २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्या. तो सगळा वाद पाणी, शेती, रोजगार आणि लुटीचा होता, आणि तो तसाच असायला हवा होता. सूरजागडलाही ठाकूरदेवाचा डोंगर आणि माडिया गावांची जंगलं हा पहिला प्रश्न आहे. त्यात 'आदिम समुद्राची नोंद वाचवा' म्हणणारा हास्यास्पद ठरेल, हे मला कळतं. तो डोंगर थांबवा असं म्हणतही नाही. खाण चालवण्याआधी साठा मोजायला भोकं पाडावीच लागतात आणि त्यातून दगडाचे लांब गाभे निघतातच. टक्केवारी मोजून झाल्यावर त्यांतले काही, विशेषतः खालचे नापास झालेले, नोंद करून ठेवले तर खर्च एका शेडचा आहे.

ते जमतं याचा दाखला आपल्याकडेच आहे. कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करण्यासाठी २०१२नंतर त्या भागात खोल भोकं पाडली. काही ठिकाणी सव्वा किलोमीटर काळा दगड ओलांडल्यावर खाली थेट ग्रॅनाइट लागला. मधे समुद्राचा गाळ नाही. ज्याला पट्टे शोधायचे त्याच्यासाठी ते पान कोरंच. तरी ते गाभे कऱ्हाडला खोक्यांत ओळीने लावून ठेवले आहेत, खोलीचे आकडे घालून.